झोपेची गोळी

डायलिसिसचे चार तास पेशंट खाटेवरून हलत नाही, तेव्हा औषधं तपासायला हीच वेळ बरी, असं इथल्या फार्मासिस्ट ताईंचं म्हणणं. मी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसलो. काकांनी उशाची कापडी पिशवी पालथी केली. प्रेशरच्या, फॉस्फरसच्या, कॅल्शियमच्या गोळ्या बाजूला झाल्या. उरल्या दोन पट्ट्या.

एक ट्रॅमाडोल-पॅरासिटामॉलची, गुडघ्यासाठी, चार दिवसांपूर्वी हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली. किडनीच्या पेशंटला डायक्लोफेनॅक द्यायला डॉक्टर कचरतात, मग बऱ्याचदा ट्रॅमाडोल येतं. आणि दुसरी?

"ती झोपेची."

ताईंनी पट्टी उजेडात धरली. पॅरॉक्सेटिन. नैराश्यावरचं औषध. हाडांच्या डॉक्टरांनाही काकांनी 'झोपेची' एवढंच सांगितलं होतं. (आईच्या गोळ्यांना मीही पाहुण्यांसमोर हेच म्हणत आलोय.)

पुढचं ताईंनी वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं. यकृतातलं एक विकर ट्रॅमाडोलचं रूप पालटतं, तेव्हा कुठे दुखणं नीट दबतं. पॅरॉक्सेटिन नेमकं तेच विकर अडवतं. गुडघा दुखतच राहतो आणि मूळ ट्रॅमाडोल रक्तात वाढतं. सेरोटोनिन तेही चढवतं, पॅरॉक्सेटिनही चढवतं. फिट येण्याची भीती वेगळीच. त्यात किडनी बंद, म्हणजे निचरा संथ. अशा पेशंटला दोन डोसांत बारा तासांचं अंतर ठेवतात. गुण येईना म्हणून काका दोनाच्या जागी चार गोळ्या घेत होते.

ताईंनी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी काकांचं पाऊल झटक्यात वर दाबलं आणि तसंच धरून ठेवलं. पाऊल त्यांच्या हातात आपोआप थडथडू लागलं. ते मनाशी ठोके मोजत होते. कपाळावर घाम. जुलाब? दोन दिवस होते, पण त्याचं खापर काकांनी भज्यांवर फोडलं होतं. हात तर युरिया वाढला तरी थरथरतात, त्यामुळे सेरोटोनिन चढल्याचं हे दुखणं सहज नजरेआड होतं.

ट्रॅमाडोल बंद झालं, रात्रभर वॉर्डात ठेवायचं ठरलं. पॅरॉक्सेटिनसाठी मानसोपचारतज्ज्ञांना फोन गेला. ते अचानक तोडलं तर त्याचाही त्रास होतो.

"ताई, फाइलवर नका लिहू. मुलगी वाचते."

ताईंनी गोळीचं नाव लाल शाईत ठळक लिहिलं. कशासाठी, तो रकाना कोरा सोडला.