भातशेतीचा हिशेब : शेत, बाजार आणि शाळा

भोर व वेल्हे परिसराच्या डोंगराळ भागात भात हे खरिपाचे मुख्य पीक आहे. पाऊस भरपूर, खाचरे लहान आणि बरेचसे काम घरच्या माणसांवर, अशी येथील शेती. सुगी आटोपल्यावर "यंदा भात किती झाले?" असे विचारले तर उत्तर लगेच मिळते. "भातात शिल्लक किती राहिली?" असे विचारले की बहुतेक शेतकरी बंधू अंदाजच सांगतात. हा अंदाज कोठे चुकतो, हे समजून घेण्यासाठी प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या पाहण्या आजही मार्गदर्शक आहेत.

तीन पाहण्या

प्रा. गाडगीळ (१९०१-१९७१) हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष म्हणूनही ते शेतकऱ्यांना परिचित आहेत. गावोगाव माहिती गोळा करून मगच निष्कर्ष काढावा, ही त्यांची पद्धत होती. पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेची त्यांची पाहणी १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. वाई तालुक्यातील शेतीचा धंदा म्हणून केलेला अभ्यास १९४० मध्ये आला. या दोन्ही कामांत व्ही. आर. गाडगीळ त्यांचे सहकारी होते. सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाच्या पाहण्या १९५५ मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यांत प्रा. वि. म. दांडेकर सहभागी होते. मांढरदेवीचा डोंगर ओलांडला की भोरकरांना वाई तालुका लागतो, म्हणजे हा अभ्यास शेजारचाच आहे.

शेत, बाजार आणि शाळा हे तीन विषय वेगळे वाटतात. शेतकऱ्याच्या घरात मात्र ते एकाच हिशेबात येतात.

१. घरच्या श्रमाचे मोल

समजा, २० गुंठ्यांच्या लावणीला १० माणसे एक दिवस लागली. त्यांत ६ घरची व ४ सावडीची. रोख मजुरी एक रुपयाही दिली नाही, म्हणून लावणी फुकट झाली असे आपण धरतो. प्रत्यक्षात सावडीचे ४ दिवस दुसऱ्याच्या खाचरात फेडावे लागतात आणि घरच्या ६ जणांना त्या दिवशी दुसरीकडे मजुरी मिळू शकली असती. मजुरी ३०० रुपये धरली तर या लावणीचा खर्च ३,००० रुपये होतो. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोगही रोखीचा खर्च आणि कुटुंबाच्या श्रमाचे मूल्य वेगवेगळे मांडतो. आपणही तसेच मांडावे. असा हिशेब केल्यावर तोटा दिसला तर भात सोडून द्यावे असा अर्थ नाही. कोणत्या कामावर श्रम जास्त खर्च होतात आणि ते कोठे वाचवता येतील, हे त्यातून कळते.

२. भात विकावे की तांदूळ?

फळे असोत वा भात, माल शेतातून निघाल्यापासून गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर काही रक्कम वजा होते. ती कोठे व किती, हे पाहिल्याशिवाय विक्रीचा निर्णय घेऊ नये. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

समजा, भाताचा भाव क्विंटलला २,५०० रुपये, अख्ख्या तांदळाचा किलोला ५० रुपये व कणीचा २५ रुपये आहे. एक क्विंटल भात भरडून ६५ किलो तांदूळ मिळाला. त्यात ५५ किलो अख्खा व १० किलो कणी निघाली, तर ३,००० रुपये येतात. भरडाई, वाहतूक व पिशव्यांचे ३०० रुपये वजा जाता २,७०० रुपये उरतात. म्हणजे क्विंटलमागे २०० रुपये फायदा झाला.

परंतु अख्खा तांदूळ ४५ किलो व कणी २० किलो निघाली तर २,७५० रुपयेच येतात. खर्च वजा जाता २,४५० रुपये राहतात. भात तसेच विकले असते तर ५० रुपये जास्त मिळाले असते!

तेव्हा तांदूळ विकण्याचा फायदा बराचसा कणीच्या प्रमाणावर ठरतो. यासाठी कापणी लांबवू नये. पीक शेतात फार वाळले की दाण्याला बारीक चिरा पडतात. झोडणीनंतर भात कडक उन्हात एकदम न वाळवता पातळ थरात, अधूनमधून हलवत वाळवावे व ओलावा १४ टक्क्यांच्या आत आल्यावर साठवावे. आंबेमोहर व इंद्रायणीसारख्या सुवासिक वाणांत भावाचा फरक मोठा असल्याने ही काळजी अधिक महत्त्वाची आहे.

३. शाळेचा खाडा

शाळा जूनमध्ये सुरू होते आणि त्यापाठोपाठ लावणीची घाई सुरू होते. धाकट्या भावंडाला सांभाळायला मुलगी घरी राहते. चार-सहा दिवसांचा खाडा पंधरा दिवसांवर जातो, मूल मागे पडते आणि पुढे शाळेचा कंटाळा करते. मुले शाळा मध्येच का सोडतात, एकाच इयत्तेत का रखडतात आणि शिकलेले पुढे का विसरतात, हेच प्रश्न सातारा जिल्ह्यातील पाहण्यांनी घेतले होते.

मुलीच्या एका दिवसाच्या कामाने वाचलेली मजुरी लगेच दिसते, बुडालेले शिक्षण दिसत नाही. अमेरिकेचे अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्झ (१९७९ चे नोबेल मानकरी) यांनी शिक्षणाला भांडवल मानले आणि शेतीत बदल होत असताना शिकलेला शेतकरी नव्या गोष्टी लवकर पारखतो, असे मांडले. औषधाच्या बाटलीवरील प्रमाण, बियाण्याच्या पिशवीवरील तारीख आणि अडत्याची पट्टी वाचता न येणे, हाही शेतीचा तोटाच आहे.

वही कशी ठेवावी?

साधी दोनशे पानी वही पुरेशी आहे. त्यात पुढील नोंदी कराव्यात :

• प्रत्येक खाचराचे क्षेत्र, वाण व लावणीची तारीख.
• बियाणे, खत, औषध, नांगरट यांचा रोख खर्च.
• घरची, सावडीची व मजुरीची माणसे, दिवसांसह.
• भाताचे वजन, भरडल्यावर अख्खा तांदूळ व कणी यांचे वजन.
• विक्रीची पट्टी : भाव, हमाली, तोलाई व इतर वजावट.
• शेतीकामासाठी मुलांच्या शाळेचे बुडालेले दिवस.

शेवटची नोंद अनेकांना अनावश्यक वाटेल, तरीही ती अवश्य करावी. नोंदी रोज संध्याकाळी कराव्यात. आठवड्याने आठवून लिहिलेल्या आकड्यांवर विसंबता येत नाही. वही लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे दिल्यास उत्तम. शेतकरी बंधू-भगिनींनी येत्या खरिपात निदान एका खाचरापासून ही सुरुवात करावी आणि सुगीनंतर घरातील सर्वांनी मिळून वही वाचावी, म्हणजे पुढील वर्षी काय बदलायचे ते अंदाजाने ठरवावे लागणार नाही.