पत्र्याच्या आतली धूळ

सकाळी ७.३०
वाकडच्या साइटवर टूलबॉक्स टॉक. दोन्ही टॉवरांत आतली कामं जोरात आहेत : लादी, प्लंबिंग, वायरिंगच्या झिऱ्या. आज कोण, कुठे, काय कापणार, हे मी मुकादमांना आधी विचारते. मास्कचं नंतर. सेफ्टीवाली म्हणजे मास्कचं खोकं घेऊन फिरणारी बाई, असा समज आहे. पण मास्क हा शेवटचा उपाय. धूळ जिथे निघते तिथेच पाण्याने बसवायची, नाहीतर मशीनने ओढून घ्यायची, हे पहिलं काम.

८.४५
गेट. ट्रकची चाकं धुतली जातायत, जाळी ओली आहे. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये ७० मीटरहून उंच इमारतींच्या साइटभोवती ३५ फुटी पत्रे सक्तीचे केले. पुण्यातही आता पत्रे आणि फवारे दिसतात. चांगलंच आहे. पण पत्रा वाचवतो शेजारच्या सोसायटीला. आत, बंद खोलीत ग्राइंडर धरून बसलेल्याला त्याचा काय उपयोग?

१०.१५
नववा मजला. दोन पोरं एएसी ब्लॉकच्या भिंतीत झिरी मारतायत. दारात उभी राहिले तर आवाज ऐकू येतो, माणूस दिसत नाही. भुवया पांढऱ्या, नाकाला गमछा. गमछ्याने काही अडत नाही. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे सिलिकाचे कण चार-पाच मायक्रॉनहून लहान असतात. दिसणारी धूळ खाली बसली तरी ते कितीतरी वेळ हवेत तरंगत राहतात. सिलिकोसिस एकदा झाला की बरा होत नाही, क्षयाचा धोका वाढतो, आणि १९९७ पासून ही धूळ कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे.

व्हॅक्यूम कोपऱ्यात बंद. “ओढतच नाही, मॅडम.”

उघडला तर पिशवी गच्च, फिल्टरवर जाड थर. एकाने तो भिंतीवर आपटायला उचलला, मी हात धरला. आपटला की सगळं परत खोलीत. मास्क चढवून घेतले, पिशवी बदलली, राखीव फिल्टर घातला, चाकावरचं कव्हर भिंतीला टेकवून ग्राइंडर चालवायला लावला. हवा निवळायला वेळ लागला. मग मोठा पोरगा म्हणाला, “आता मार्किंगची रेघ दिसतीय की.” धुरळ्यात ते अंदाजानेच कापत होते. मास्क तरीही ठेवायचा, खोली बंद आहे. वरचा पट्टा डोक्यावर, खालचा मानेवर. हनुवटीखाली लोंबणारा पट्टा म्हणजे मास्क नाहीच.

११.४५
किचनच्या ओट्यासाठी तयार क्वार्ट्झचे स्लॅब आलेत. साध्या ग्रॅनाइटमध्ये सिलिका साधारण तीस टक्के, यात नव्वदच्या वर. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून यावर बंदीच घातली. आपल्याकडेही ती यावी, असं माझं ठाम मत आहे. तोवर इथे एकच नियम : मजल्यावर कापायचं नाही; खाली शेडमध्ये, चालू पाण्याच्या कटरवर, मास्क लावूनच.

दुपारी १.००
जेवणाची सुट्टी. कोणी गमछा झटकतो, कोणी कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे उडवतो. कॉम्प्रेसर बंद करवला.

धुळीत काम करणाऱ्यांच्या यादीत ग्राइंडरवाले, कटरवाले असतात. झाडणाऱ्या मावशी कुठल्याच यादीत नसतात. मागाहून कोरड्या झाडूने त्या तीच धूळ पुन्हा उठवतात, आणि ती आधी त्यांच्याच नाकात जाते. आता ओला भुसा पसरून झाडायचं ठरलंय. “ताई, भुसा जड होतो, घमेलं उचलवत नाही,” मावशी म्हणाल्या. खरं आहे. चाकाची गाडी लागेल, ती मागितली आहे. छातीच्या एक्स-रेच्या यादीत मावशींची नावं आजच घातली.

३.००
झिरीवाल्या पोराच्या पट्ट्याला सकाळी लावलेला धूळ मोजायचा पंप बघायला गेले. कॉलरजवळ छोटं सायक्लोन, मिनिटाला अडीच लिटर हवा. जाड कण खाली पडतात, बारीक फिल्टरवर बसतात. शिफ्ट संपली की फिल्टर प्रयोगशाळेत जाईल. अमेरिकेत बांधकामावर मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे, मी तीच धरते. पाळीभरात माणूस दहाएक घनमीटर हवा घेतो, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम : मिठाचे आठ-नऊ दाणे. त्याला एवढंच सांगितलं. तो बराच वेळ नळीकडे बघत राहिला.

५.३०
ठेकेदारांबरोबर बैठक. “मॅडम, फुटावर पैसे मिळतात. पाणी-व्हॅक्यूम करत बसलो तर पोरांची हजेरी सुटत नाही.” यात त्यांचं चुकत नाही. दर फुटाचा आणि धूळ आवरायला लागणारा वेळ फुकट, तर व्हॅक्यूम कोपऱ्यातच जाणार. मास्कवर साहेब लगेच सही करतात, कारण ते स्वस्त आहेत.

म्हणून तिसऱ्या टॉवरच्या वर्क ऑर्डरमध्ये वेगळी ओळ लिहून दिली : कव्हरसह ग्राइंडर, व्हॅक्यूम, पिशव्या आणि फिल्टर कंपनीचे, झिरीचा दर त्या वेळेसकट. बिलिंगवाले म्हणाले, दर वाढेल. वाढू दे. उद्या अकराला प्रोजेक्ट मॅनेजरांकडे त्याच ओळीसाठी बसायचंय.