हेडफोन : वायरचा की वायरलेस?

- प्रतिनिधी

हेडफोन घेण्यासाठी दुकानात गेलेल्या ग्राहकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो वायरचा. सप्टेंबर २०१६मध्ये ॲपलने 'आयफोन ७'मधून हेडफोनचा ३.५ मिलिमीटरचा जॅक काढून टाकला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'एअरपॉड्स' बाजारात आणले. पुढे बहुतेक बड्या मोबाइल कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला आणि वायर कालबाह्य ठरल्याचे चित्र निर्माण झाले. तरीही ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत आणि गेमिंगच्या मोठ्या स्पर्धांत वायर आपले स्थान टिकवून आहे. याचे कारण जितके आवाजाच्या दर्जात आहे, त्याहून अधिक आवाज कानापर्यंत पोहोचण्यास लागणाऱ्या वेळेत आहे.

विलंब कुठे होतो?

वायरच्या हेडफोनचे काम सरळ असते. मोबाइल अथवा संगणकातील डिजिटल माहितीचे विद्युत संकेतात रूपांतर होते, हा संकेत वायरमधून हेडफोनपर्यंत जातो आणि तेथील पातळ पडदा कंप पावून ध्वनी निर्माण करतो. वायरमधील प्रवासाला लागणारा वेळ नगण्य असतो.

ब्लूटूथचा मार्ग लांबचा आहे. आधी आवाजाची माहिती संकुचित केली जाते. मग तिचे लहान लहान तुकडे २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवरून पाठवले जातात आणि हेडफोनमध्ये ते पुन्हा उलगडले जातात. याच लहरींवर वाय-फायही चालत असल्याने गर्दीच्या जागी काही तुकडे वाटेत हरवतात व पुन्हा मागवावे लागतात. आवाज तुटू नये म्हणून हेडफोन थोडा साठा हाताशी ठेवूनच वाजू लागतो. या साऱ्या खटाटोपात साधारणपणे १०० ते २५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा ते चौथा हिस्सा खर्ची पडतो.

गाण्याला चालते, गेमला नाही

गाणे पाव सेकंद उशिरा सुरू झाले तरी ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. चित्रपट पाहताना अनेक ॲप चित्रच तेवढे मागे ठेवतात, त्यामुळे ओठांची हालचाल आणि शब्द जुळतात. गेममध्ये मात्र ही सोय नाही. पडद्यावर पुढे काय दिसणार, हे खेळणाऱ्याच्या बोटांवर ठरत असल्याने चित्र रोखून धरता येत नाही आणि आवाज तेवढा मागे पडतो.

हा फरक किती, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर २०० मिलिसेकंदांत १२ चित्रे सरकून जातात. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे हा उशीर जवळपास ७० मीटर दूरचा आवाज ऐकण्याइतका झाला. 'बीजीएमआय'सारख्या खेळात प्रतिस्पर्ध्याच्या पावलांच्या आवाजावरून त्याची दिशा ओळखावी लागते. तेथे एवढा विलंब हार-जीत ठरवू शकतो.

दुसरी अडचण मायक्रोफोनची. प्रचलित ब्लूटूथ हेडफोनचा मायक्रोफोन सुरू होताच जोडणी दूरध्वनीच्या पद्धतीवर येते आणि आवाजाचा दर्जा एकदम घसरतो. गेम खेळता खेळता सहकाऱ्यांशी बोलणाऱ्यांना याचा अनुभव येतो. २०२०मध्ये जाहीर झालेल्या 'एलई ऑडिओ' या नव्या पद्धतीत यावर उपाय आहे. परंतु त्यासाठी मोबाइल आणि हेडफोन अशा दोन्ही उपकरणांत ती असावी लागते.

वायर नकोच असेल, तर यूएसबीला जोडण्याचा स्वतंत्र रिसीव्हर सोबत देणारे गेमिंग हेडफोन मिळतात. ते ब्लूटूथऐवजी स्वतःची २.४ गिगाहर्ट्झची जोडणी वापरतात. त्यांचा विलंब ब्लूटूथपेक्षा कितीतरी कमी असतो.

दर्जाचे काय?

सीडीवरील संगीतात सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट माहिती असते. ब्लूटूथची सर्वसाधारण 'एसबीसी' पद्धत ३२८ किलोबिटच्या आसपास, तर सोनीची 'एलडॅक' पद्धत अधिकाधिक ९९० किलोबिट माहिती वाहून नेते. शांत खोलीत, चांगल्या हेडफोनवर तयार कानाला हा फरक जाणवू शकतो. लोकलच्या खडखडाटात तो शोधूनही सापडणार नाही. तेथे बाहेरचा गोंगाट कमी करणारी 'नॉइज कॅन्सलिंग' सुविधा अधिक उपयोगी पडते.

या सुविधेचा संबंध कानांच्या आरोग्याशीही आहे. गोंगाटावर मात करण्यासाठी आपण नकळत आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानता येतो. ९० डेसिबलला ही मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. गोंगाट कमी झाला की आवाजही कमी ठेवता येतो. अर्थात रस्ता वा रेल्वेमार्ग ओलांडताना हेडफोन कानाबाहेरच हवा.

आयुष्याचा हिशेब

वायरलेस हेडफोनमधील लिथियम बॅटरी प्रत्येक चार्जिंगगणिक थोडी क्षीण होते. कानात बसणाऱ्या छोट्या इअरबड्समध्ये ती बदलणे बहुधा अशक्यच असते. त्यामुळे आतील स्पीकर धडधाकट असूनही काही वर्षांत संपूर्ण वस्तू टाकून द्यावी लागते. वायरच्या हेडफोनमध्ये बहुधा वायर किंवा पिनच आधी निकामी होते. वायर सुटी करता येत असेल, तर थोड्या पैशांत दुरुस्ती होते.

खरेदी करताना...

* प्रवास, व्यायाम आणि फोनवरील संभाषण हा मुख्य उपयोग असेल, तर वायरलेस सोयीचे.
* स्पर्धात्मक गेमिंग, गायन-वादनाचे ध्वनिमुद्रण किंवा ध्वनिसंपादन करायचे असेल, तर वायरच घ्यावी.
* मोबाइलला जॅक नसल्यास टाइप-सीचा कन्व्हर्टर लागेल. काही कन्व्हर्टर ठरावीक मोबाइलवरच चालतात. तेव्हा दुकानातच जोडून पाहावा.
* वायरलेस हेडफोनला जॅकही असेल, तर बॅटरी संपल्यावर तो वायरने चालतो का, हे विचारून घ्यावे.

बजेट मर्यादित असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वायरलेस हेडफोनच्या किमतीत बॅटरी, रेडिओ आणि चिप यांचाही खर्च असतो. वायरच्या हेडफोनमध्ये तोच पैसा आवाजावर खर्च होऊ शकतो. त्यामुळे कमी किमतीत चांगले संगीत ऐकायचे असेल, तर वायरचे पारडे आजही जड आहे.