माथेरान ते कैरो : आसफ फैजी

कोण? आसफ अली असगर फैजी (१८९९-१९८१). जन्म माथेरानचा. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात व केंब्रिजला शिक्षण, मग मुंबई उच्च न्यायालयात वकिली. १९३८ ते १९४७ या काळात ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

मुख्य काम : ‘दआइम अल-इस्लाम’ या अरबी ग्रंथाचे संपादन. दहाव्या शतकात उत्तर आफ्रिका व इजिप्तवर राज्य करणाऱ्या इस्माइली शिया फातिमी खलिफांचे न्यायाधीश काझी नुमान यांनी तो लिहिला. पहिला खंड उपासनेचा. दुसरा विवाह, वारसा, व्यापार अशा व्यवहारांचा. फैजींनी संपादित केलेला पहिला खंड १९५१ मध्ये कैरोत छापून निघाला.

महत्त्व काय? इस्लामी कायदा म्हटला की सुन्नींचे चार पंथ डोळ्यांसमोर येतात. या ग्रंथामुळे इस्माइली शियांची स्वतंत्र न्यायपरंपरा मूळ अरबी पाठासह अभ्यासकांच्या हाती आली.

संपादनासाठी हस्तलिखिते कुठली? फातिमींची सत्ता ११७१ मध्ये संपली. त्यांचे ग्रंथ मात्र येमेनमार्गे गुजरातेत आले आणि तिथल्या इस्माइली बोहरा घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नकला करून जपले. फैजी स्वतः बोहरांच्या सुलेमानी शाखेचे होते.

इतर ग्रंथ : ‘आउटलाइन्स ऑफ मुहम्मदन लॉ’ (१९४९) हे कायद्याच्या विद्यार्थ्यांचे पाठ्यपुस्तक, ‘अ मॉडर्न अप्रोच टू इस्लाम’ (१९६३) हे सुधारणावादी विवेचन.

सन्मान : इजिप्तमधील भारताचे राजदूत, १९६२ मध्ये पद्मभूषण.

संग्रह : आपली इस्माइली हस्तलिखिते त्यांनी मुंबई विद्यापीठाला दिली. त्यांची सूची १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली.