युद्धकालीन सैनिकी बिल्ला : अस्सल की नक्कल?

आपले बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे माहेरघर. याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगे यांनी १९४४ मध्ये आणि नामदेव जाधव यांनी १९४५ मध्ये इटलीच्या रणभूमीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. आपल्या भागातील कित्येक घरांत आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत टोपीवरचा एखादा बिल्ला आजही जपून ठेवलेला आढळतो. परंतु जेथे मागणी असते तेथे नक्कलही जन्मास येते. जुन्या बाजारात महायुद्धकालीन म्हणून विकले जाणारे अनेक बिल्ले मागाहून बनविलेले असतात. नकली वस्तू खरी मानली की केवळ पैसेच जातात असे नाही, तर इतिहासात एक खोटा साक्षीदार शिरतो. म्हणून ही पारख समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम घडण पाहावी. ब्रिटिश अमदानीतील धातूचे बिल्ले बहुधा पोलादी ठशांच्या दाबाखाली पत्र्यातून उठविले जात. त्यामुळे अक्षरांच्या व नक्षीच्या कडा रेखीव येतात आणि पाठीमागे पुढील आकृतीचा खोलगट उलटा आकार दिसतो. नक्कल करणारा पुष्कळदा अस्सल बिल्ल्यावरूनच साचा घेतो व त्यात धातू ओततो. अशा ओतीव वस्तूवर भिंगातून बारीक छिद्रे दिसतात, अक्षरे बोथट वाटतात आणि कडेला कानशीने घासल्याच्या खुणा राहतात. शिवाय पितळ थिजताना सुमारे दीड टक्का आकसते. म्हणजे ५० मिलिमीटर रुंदीच्या बिल्ल्याची ओतीव नक्कल पाऊण मिलिमीटरने लहान भरते. डोळ्यांना न दिसणारा हा फरक आपल्या प्रयोगशाळेतील व्हर्निअर कॅलिपर सहज दाखवून देतो.

यानंतर बिल्ला उलटून पाहावा, कारण नक्कल करणाऱ्याचे सारे लक्ष बहुधा दर्शनी बाजूकडे असते. टोपीत अडकविण्यासाठी मागे तांब्या-पितळेच्या कड्या किंवा एक उभी चपटी पट्टी डाखाने जोडलेली असे. हा जोड ओबडधोबड असेल, किंवा जुन्या बिल्ल्यावर डाख तेवढा नवा व चकचकीत असेल, तर शंका घ्यावी. मात्र येथेही घाई नको. तुटलेली कडी सैनिकाने स्वतः दुरुस्त करून घेतलेली असू शकते.

तिसरी कसोटी इतिहासाची. बिल्ल्यावरील चिन्हे त्याच्या काळाशी जुळली पाहिजेत. १९०१ ते १९५२ या राजांच्या काळात मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर उचललेल्या असत. राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या कारकिर्दीत मध्यभागी किंचित दबलेल्या कमानींचा मुकुट आला. असा दबका मुकुट असलेला बिल्ला दुसऱ्या महायुद्धातील असणे शक्य नाही. २६ जानेवारी १९५० पासून भारतीय सेनेच्या चिन्हांतील मुकुटाची जागा अशोकस्तंभावरील सिंहांनी घेतली; म्हणून सिंहमुद्रा असलेला बिल्लाही १९३९-४५ च्या काळातला नव्हे. परंतु घुमटाकार मुकुट दिसला म्हणजे वस्तू युद्धकालीनच, असे उलट अनुमान काढता येत नाही, कारण नक्कल करणाराही तोच मुकुट काढतो. विसंगती खोटेपणा सिद्ध करते. सुसंगती मात्र खरेपणाची केवळ शक्यता दाखविते.

धातूच्या बाबतीतही असेच तारतम्य हवे. पितळ, कांसे व चांदी यांना लोहचुंबक ओढत नाही. पितळी म्हणविणारा बिल्ला चुंबकास चिकटला तर आत लोखंड आहे हे उघड. पण चिकटला नाही म्हणून तो अस्सल ठरत नाही. उलट दुसऱ्या महायुद्धात धातूची बचत करण्यासाठी ब्रिटनमध्ये अनेक पलटणींचे बिल्ले प्लॅस्टिकचे बनविण्यात आले. खेळण्यासारखी दिसणारी अशी वस्तूही अस्सल असू शकते!

झीज कोठे झाली आहे हेही पाहावे. वापरातला बिल्ला रोज पुसला जाई; म्हणून त्याचे उंच भाग गुळगुळीत होतात आणि खोलगट जागी मळ साचून राहतो. आम्लाने कृत्रिम रीतीने जुनाट केलेल्या बिल्ल्यावर काळेपणा सर्वत्र सारखाच पसरलेला असतो. सर्वांत अवघड परीक्षा मूळ ठशांतूनच युद्धानंतर काढलेल्या प्रतींची. तेथे नक्षी बरोबर असते. धातू, पाठीमागची जोडणी आणि झिजलेल्या ठशाच्या खुणा यांवरूनच काय तो अंदाज बांधावा लागतो.

एक भेद नीट लक्षात ठेवावा. बिल्ला अस्सल ठरला तरी तो कोणाचा होता हे तो सांगत नाही. पहिल्या महायुद्धातील रौप्य ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. बिल्ल्यावर सामान्यतः तसे काही नसते. त्याची साक्ष सेवापुस्तिका, पत्रे, छायाचित्रे आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी यांतूनच मिळवावी लागते.

तेव्हा घरी असा बिल्ला असेल तर तो चिंचेने किंवा पॉलिशने घासून लखलखीत करू नका. त्यावरील मळ आणि झीज हाच त्याचा पुरावा असतो. तो कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा आणि आजी-आजोबांना त्याविषयी विचारून ते जे सांगतील ते वहीत लिहून घ्या. तपासाअंती तो नक्कल ठरला, तरी त्यामुळे आजोबांची सेवा खोटी ठरत नाही. आणि निर्णय होत नसेल तर ‘संशयित’ असे प्रामाणिकपणे लिहून ठेवणे हेच खऱ्या अभ्यासकास शोभते.