तीन कोपऱ्यांतले चौकोन

खोक्यावरच्या पट्टीवर स्कॅनर धरायचा, 'टिंग' वाजलं की पुढची पट्टी. मग त्याच्या पुढची. एकेका खोक्यावर अशा दहा-दहा पट्ट्या, आणि दिवसभरात हजारभर 'टिंग'. १९९० च्या आसपास जपानच्या आइची प्रांतात, टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या डेन्सो कंपनीत, कामगार या कामाला अक्षरशः विटले होते. भाग बनवण्यापेक्षा त्यांची नोंद करण्यातच जीव जात होता.

टोयोटाची पद्धत म्हणजे गोदाम भरून ठेवायचं नाही; लागेल तेव्हा, लागेल तेवढाच माल आणायचा. त्यासाठी प्रत्येक खोक्याबरोबर 'कानबान' नावाची चिठ्ठी फिरते. चिठ्ठी मागे आली की समजायचं, आता इतके नग पुढे पाठवा. (चाकण-भोसरीत नोकरी केलेल्यांना हे सांगायची गरज नाही.) चिठ्ठीवरचा बारकोड वाचला की नोंद झाली. पण बारकोडमध्ये मावतात जेमतेम वीस अक्षरं. एकाच मॉडेलच्या ढिगाने गाड्या बनत होत्या तोवर तेवढ्यात भागत होतं. पुढे गिऱ्हाइकांना तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या हव्या झाल्या, भागांचे प्रकार वाढले, आणि एका पट्टीत न मावणारी माहिती दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या पट्टीत जाऊ लागली. त्यात तेलकट बोट लागलं की पट्टी वाचलीच जायची नाही.

कारखान्याची मागणी साधी होती : स्कॅनर जरा जलद करून द्या. ती ज्यांच्याकडे आली ते इंजिनिअर मासाहिरो हारा स्कॅनरच बनवत होते, त्यामुळे तेवढं करून मोकळं होणं त्यांना सहज जमलं असतं. पण त्यांच्या लक्षात आलं की खोट स्कॅनरमध्ये नाहीच. बारकोडची सगळी माहिती आडव्या दिशेत असते. पट्टी उंच केली तरी एक अक्षर वाढत नाही. कोडच बदलायला हवा होता. १९९२ मध्ये ते आणि एक सहकारी अशा दोघांनी काम सुरू केलं.

जेवणाच्या सुट्टीत हारा 'गो' खेळत. आडव्या-उभ्या रेघांच्या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडायचा हा खेळ. दोन्ही दिशांना माहिती भरायची कल्पना तिथून सुचली, असं ते स्वतःच सांगत आले आहेत. शोधकथेला असं एखादं सफरचंद लागतंच. मला मात्र ही गोष्ट शोधाचा सोपा भाग वाटते, कारण दोन्ही दिशांना माहिती भरणारे कोड अमेरिकेत आधीच निघाले होते. त्यांत माहिती भरपूर मावायची, पण वाचायला वेळ लागायचा. जिथे दिवसाला हजार वेळा वाचायचं आहे, तिथे असा कोड काय कामाचा?

वेळ कशात जात होता? कॅमेऱ्याला नुसता कोड दिसत नाही. लेबलावरची अक्षरं, रेघा, कंपनीचं चिन्ह, खोक्याची कड असं सगळं एकदम दिसतं. त्या गर्दीत कोड नेमका कुठे आहे हे हुडकण्यातच संगणकाची दमछाक व्हायची. म्हणून हारांनी ठरवलं की कोडवर ठळक खुणा हव्यात, दिसताक्षणी ओळखू येतील अशा. पण तसाच आकार शेजारच्या छापील मजकुरात निघाला तर? यंत्र फसणार. म्हणजे जी खूण छापील कागदावर सहसा सापडतच नाही, तीच निवडायला हवी.

इथून पुढे प्रतिभा वगैरे काही नाही, निव्वळ चिकाटी आहे. मासिकं, जाहिरातींची पत्रकं, पुठ्ठ्याची खोकी, जे छापील मिळेल ते गोळा करायचं. त्यावरची चित्रं आणि अक्षरं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत उतरवायची आणि काळ्याला पांढरं किती, हे प्रमाण मोजत बसायचं. रद्दीवाल्याला लाजवेल अशा या उद्योगातून उत्तर आलं १:१:३:१:१. काळं एक भाग, पांढरं एक, काळं तीन, पांढरं एक, काळं एक. छापील जगात हे प्रमाण सर्वांत दुर्मीळ निघालं.

कुठलाही क्यूआर कोड समोर धरून पाहा. तीन कोपऱ्यांत तीन चौकोन दिसतील : काळी चौकट, आत पांढरी, मधोमध काळा ठोकळा. ठोकळ्याच्या मध्यातून रेघ आडवी काढा, उभी काढा, तिरपी काढा. प्रमाण तेच भरतं. म्हणून कोड उलटा धरला काय किंवा तिरका धरला काय, यंत्राला तो लगेच सापडतो. चौथा कोपरा मुद्दाम मोकळा ठेवलाय, त्यावरून वरची बाजू कोणती ते कळतं. तेलाच्या डागांवर उपाय गणितात तयार होता. रीड आणि सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेली चूक-दुरुस्तीची पद्धत वापरली, तर कोडचा तीस टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी माहिती परत जुळवता येते.

१९९४ मध्ये कोड बाहेर आला. त्यात नुसते आकडे भरले तर ७,००० हून जास्त मावतात. नाव ठेवलं 'क्विक रिस्पॉन्स', म्हणजे झटपट प्रतिसाद. कंपनीने पेटंट घेतलं, पण ठरलेल्या मानकाप्रमाणे वापरणाऱ्यांकडून पैसे मागणार नाही असं जाहीर करून टाकलं. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत धाडसी निर्णय हाच. एरवी कोड टोयोटाच्या पुरवठादारांपुरता राहिला असता. २००० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली, २००२ मध्ये जपानात तो वाचणारे मोबाइल फोन आले आणि कारखान्यातली वस्तू गिऱ्हाइकाच्या खिशात गेली.

आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय सुरू झालं आणि या कोडची दिशाच उलटली. कारखान्यात धंदा करणारा स्कॅन करायचा, मंडईत गिऱ्हाईक करतं. कार्ड घ्यायचं तर दुकानदाराला स्वाइप मशीन हवं, त्याचं भाडं हवं. कोथिंबिरीच्या जुड्या विकणाऱ्या मावशींना छापील कागदाचा तुकडा पुरतो. महागडं यंत्र गिऱ्हाइकानेच विकत घेतलेलं असतं. सुट्ट्या पैशांची कटकटही मिटली. लबाडांनी यातही वाट शोधलीच : दुकानदाराच्या कोडवर रात्री आपला कोड चिकटवून जायचं. तीन चौकोन स्टिकर कुठे आहे ते सांगतात, कुणाचं आहे ते सांगत नाहीत. शिवाय पैसे दिल्याचं गिऱ्हाइकाच्या पडद्यावर दिसतं, गर्दीच्या वेळी भाजी तोलणाऱ्या मावशींनी ते कधी बघायचं? म्हणून आता स्टिकरशेजारी छोटा स्पीकर आला आहे. तो 'वीस रुपये प्राप्त झाले' असं मराठीत ओरडतो, आणि त्याचं भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावं लागतं.