महामार्गावरील वेगात मोटारीची शक्ती कमी होणे

शहरातील रहदारीत व्यवस्थित चालणाऱ्या मोटारीचा वेग महामार्गावर एका मर्यादेपुढे न वाढणे, चढावर किंवा दुसरे वाहन ओलांडताना इंजिन दबणे, अथवा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही अपेक्षित जोर न मिळणे, हे मोटारींमध्ये आढळणारे एक सामान्य लक्षण आहे. बोलीभाषेत त्याला 'पिकअप जाणे' किंवा 'गाडी न ओढणे' असे म्हणतात. हा स्वतंत्र बिघाड नाही. इंधनाचा अपुरा पुरवठा, हवेच्या मार्गातील दोष, सदोष प्रज्वलन आणि एक्झॉस्टमधील अडथळा ही त्याची प्रमुख कारणे आहेत.

कार्यकारणभाव

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वेग ताशी ५० किलोमीटरवरून १०० किलोमीटरवर नेल्यास केवळ हवेच्या विरोधासाठी आठपट शक्ती लागते. त्या प्रमाणात इंजिनाची हवेची व इंधनाची गरजही वाढते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी १ किलोग्रॅम इंधनामागे सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. अंशतः तुंबलेली गाळणी कमी वेगात ही गरज भागवू शकते, पण पूर्ण भाराखाली ती अपुरी पडते. याच कारणाने गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या मोटारीत हा दोष बहुधा दिसत नाही.

समुद्रसपाटीपासून दर १,००० मीटर उंचीमागे टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती साधारण १० टक्क्यांनी घटते. ही घट हवा विरळ झाल्यामुळे होते. तिला बिघाड मानले जात नाही.

कारणे

इंधन: तुंबलेली इंधन गाळणी, क्षीण झालेला पंप किंवा पंपाच्या विद्युतजोडणीतील दोष यांमुळे मागणी वाढताच इंधनाचा दाब घसरतो. टाकीतील पंप सभोवतालच्या इंधनामुळे थंड राहतो. टाकी सतत जवळजवळ रिकामी ठेवल्यास त्याचे आयुष्य घटते. टाकीत हवा येण्याचा मार्ग बंद झाल्यास आत निर्वात निर्माण होतो. टाकीचे झाकण उघडताच हवा आत ओढली जाण्याचा आवाज येऊन मोटार पुन्हा नीट चालू लागणे, ही त्याची खूण होय.

हवा: मळलेली हवा गाळणी, हवेचा प्रवाह मोजणारा अस्वच्छ सेन्सर आणि टर्बो इंजिनांत फाटलेली किंवा निसटलेली दाबनळी ही नेहमीची कारणे आहेत. सेन्सर प्रत्यक्षापेक्षा कमी हवा नोंदवत असल्यास संगणक त्या मानाने कमी इंधन सोडतो.

प्रज्वलन: ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर सिलिंडरमधील दाब वाढतो आणि ठिणगी पडण्यास अधिक विद्युतदाब लागतो. झिजलेला स्पार्क प्लग किंवा कमकुवत कॉइल अशा वेळी अपयशी ठरते व इंजिन झटके देते.

एक्झॉस्ट: कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधील सिरॅमिकची जाळी वितळल्यास किंवा तुटल्यास जळालेला वायू बाहेर पडू शकत नाही. डिझेल मोटारींतील काजळीची गाळणी स्वच्छ होण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सियस तापमान लागते. केवळ शहरातील लहान फेऱ्यांत ते टिकत नाही, त्यामुळे गाळणी हळूहळू भरत जाते.

निदान

इंजिनाचे फेरे वाढत असूनही वेग त्या प्रमाणात वाढत नसल्यास दोष इंजिनात नसून क्लच किंवा स्वयंचलित गिअरबॉक्स घसरत असण्याची शक्यता असते. एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापल्यास ब्रेक अडकल्याचा संशय घेतात.

त्यानंतर संगणकातील दोषसंकेत वाचले जातात. पी०१७१ हा मिश्रणात इंधन कमी असल्याचा, पी०३०० ज्वलन चुकत असल्याचा, तर पी०२९९ टर्बोचा दाब अपुरा असल्याचा संकेत आहे. संकेत परिणाम दाखवतो, निकामी भाग नव्हे. गंभीर दोष आढळल्यास संगणक इंजिनाच्या रक्षणासाठी शक्ती स्वतःच मर्यादित करतो.

निर्णायक चाचणी भाराखाली केली जाते. एक व्यक्ती मोटार चालवते व दुसरी नोंदी पाहते. शोषणमार्गात इंधन फवारणाऱ्या अनेक पेट्रोल इंजिनांत इंधनाचा दाब साधारण ३ ते ४ बार असतो. नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेतून घेतात. जोर लावताच तो घसरल्यास दोष इंधन पुरवठ्यात असतो. दाब स्थिर असूनही संगणकाला वेगात बरेच जादा इंधन द्यावे लागत असल्यास हवेचा सेन्सर तपासतात. ही वाढ फक्त आयडलिंगवर दिसल्यास शोषणमार्गात हवेची गळती असू शकते.

एक्झॉस्टसाठी पुढील ऑक्सिजन सेन्सरच्या जागी दाबमापक लावतात. सुमारे २,५०० फेऱ्यांवर उलटा दाब साधारण २० किलोपास्कलच्या वर गेल्यास अडथळा गृहीत धरतात.

दुरुस्ती

गाळण्या व स्पार्क प्लग बदलणे तुलनेने स्वल्प खर्चाचे असते. पंप व कन्व्हर्टर महाग असतात. निदानाविना सुटे भाग बदलल्यास खर्च वाढून मूळ दोष कायम राहू शकतो. तुंबलेला कन्व्हर्टर हा पुष्कळदा आधीच्या बिघाडाचा परिणाम असतो: चुकलेल्या ज्वलनातील न जळालेले इंधन त्यात जळून जाळी वितळते. ते कारण दूर न करता बसवलेला नवा कन्व्हर्टरही निकामी होतो. दुरुस्तीनंतर तीच चाचणी त्याच भाराखाली पुन्हा करून आधीच्या नोंदींशी ताडून पाहतात.

सुरक्षितता

ओलांडताना शक्ती गेल्यास मोटार समोरून येणाऱ्या वाहनांच्या मार्गात अडकू शकते. त्यामुळे दोष दूर होईपर्यंत ओलांडणे टाळणे इष्ट असते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकणे हे कन्व्हर्टरला हानी पोहोचवणाऱ्या ज्वलनदोषाचे चिन्ह असून, अशा वेळी वेग कमी करून मोटार सुरक्षित ठिकाणी थांबवतात. अतितप्त कन्व्हर्टरखाली वाळलेले गवत असल्यास आग लागू शकते. आधुनिक डिझेल इंजिनांत इंधनाचा दाब १,००० बारहून अधिक असतो. त्या नळ्या इंजिन चालू असताना सैल केल्यास निघणारी धार त्वचेत शिरून गंभीर इजा करते. म्हणून हे काम प्रशिक्षित मेकॅनिककडूनच करून घेतले जाते.